खंड्याला काम हवंय

एका वाचक ताईंचं पत्र:

ताई, नमस्कार. मी साताऱ्यात शाहूनगरला राहते. मिस्टर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. मुलानं गेल्या वर्षी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं, हौसेनं खंड्या नाव ठेवलं आणि सहा महिन्यांत नोकरी लागून तो पुण्याला गेला. खंड्या आता दीड वर्षाचा आहे. जीव आहे हो आमचा त्याच्यावर. त्याला काही कमी नाही. मिस्टर रोज पहाटे तासभर टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत फिरवून आणायचे, दोन वेळा पोटभर खाणं आहे, डॉक्टरांनी तपासून तब्येत ठणठणीत सांगितली आहे. तरी दिवसभर उच्छाद. चपला पळवतो, कर्दळीचा वाफा तीनदा उकरला, आल्यागेल्याच्या अंगावर उडी मारतो. सासूबाईंना पाडेल म्हणून दिवसा गेटजवळ साखळीला बांधतो, तर दुपारभर भुंकतो आणि शेजारचे बोलतात. पाऊस लागला, फिरणं बंद पडलं, तेव्हापासून तर बघायलाच नको. मिस्टर पेपरची गुंडाळी करून फटका देतात. त्याला आपली चूक कळते, कान पाडून कोपऱ्यात बसतो आणि तासाभरात पुन्हा तेच. 'बस' म्हटलं तर मनात असेल तेव्हा बसतो, 'ये' म्हटलं तर उलटा पळतो. मिस्टर म्हणतात, कोरेगावला चुलतदिरांच्या मळ्यावर सोडू, राखणीला होईल. माझं मन होत नाही. आमचं काय चुकलं? लाड जास्त झाले की कमी पडले?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'त्याला काही कमी नाही.' खाणं आहे, फिरणं आहे, औषधपाणी आहे, माया आहे. सगळं खरं, फक्त काम नाही. तुमचा खंड्या बेकार आहे. बेकार म्हणजे वाईट नव्हे, ज्याच्या हाताला काम नाही तो. मिस्टर निवृत्त झाले त्यानंतरचे पहिले काही महिने आठवून बघा. पेन्शन सुरू होती, जेवण वेळेवर होतं, तरी कधीकधी दिवस खायला उठला असेल. खंड्याचं तर अजून उमेदीचं वय आहे. तीसेक किलोचं, अंगात रग असलेलं जनावर दिवसातले तेवीस तास रिकामं ठेवलं की ते स्वतःच स्वतःला काम लावून घेतं. वाफा उकरणं हे काम आहे. गेटवरून जाणाऱ्या प्रत्येकाची वर्दी देणं हेही कामच. लाडाचा इथं काही संबंध नाही, तेव्हा तो विचार मनातून काढून टाका.

तुम्ही लिहिलंय की तो चपला 'पळवतो'. फाडतो असं लिहिलेलं नाही, आणि हा फरक मोठा आहे. लॅब्रेडॉर ही जात घडली ती कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कोळ्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या कुत्र्यांपासून. गार पाण्यात उतरायचं, जाळ्याच्या दोऱ्या ओढून आणायच्या, सुटलेला मासा धरायचा, ही त्यांची कामं. एकोणिसाव्या शतकात ती कुत्री इंग्लंड-स्कॉटलंडला गेली आणि बंदुकीनं पाडलेलं बदक दात न रुतवता उचलून मालकाच्या हातात आणून द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसानं ज्याला 'उचल आणि आणून दे' यासाठीच निवडून वाढवलं, त्याला तुमच्या अंगणात उचलण्याजोगी एकच वस्तू सापडली, ती चप्पल. वर ती उचलली की तुम्ही 'अरे, अरे' करत मागे धावता. दिवसभरात घरातलं माणूस त्याच्यामागे एवढं मन लावून लागतं ती तेवढीच वेळ. तो ती का सोडेल?

मुलानं नाव ठेवलं ते साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या खंड्यावरून असणार. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा तो कुत्रा. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना माहीत असते, आणि माहुलीला त्याची समाधी आहे. त्याचे लाड किती झाले ते सगळे सांगतात. पण त्या खंड्याला रानात महाराजांच्या सोबतीनं जायचं काम होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता फिरण्याकडे येऊ. चार भिंतीची चढण चढून तासाभरात परत यायचं म्हणजे मिस्टरांची चाल झपाझप असणार. खंड्या खांबापाशी, गवताच्या कडेला थांबला की पट्ट्याला हिसका आणि 'चल' असं होत असेल, असा माझा अंदाज आहे. मग ते फिरणं मिस्टरांचं झालं. पाय दमले त्याचे, पण डोकं तसंच कोरं राहिलं. कुत्र्याचं डोकं नाकातून चालतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात दहा ते तीस कोटी. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाजूला जाते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही आणि त्याला तो सलग घेत राहता येतो. रात्री कोण इथून गेलं, कोणत्या दिशेला गेलं, नर होता का मादी, हे सगळं त्या एका खांबापाशी त्याला कळत असतं. आपण त्याला तिथून ओढून नेतो ते एखाद्याच्या हातातलं पत्र अर्धं वाचून झालेलं असताना काढून घेतल्यासारखं आहे.

यावर एक छान प्रयोग झाला आहे. शार्लोट डुरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या दोन संशोधक बायकांनी तो २०१९ साली प्रसिद्ध केला. पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे रोज नाकानं खाऊ शोधायचा सराव दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा. मग एका भांड्यानं परीक्षा घेतली. भांडं एका जागी असलं की त्यात खाऊ असायचा, दुसऱ्या जागी असलं की नसायचा, हे आधी त्यांना ठाऊक करून दिलेलं. मग ते दोन्हींच्या मध्येच ठेवलं. नाकाचा सराव झालेली कुत्री आता त्या अवघड जागच्या भांड्याकडे सरावाच्या आधीपेक्षा लवकर जाऊ लागली, जणू 'असेल काहीतरी' अशी आशा धरून. पायाशी चालणाऱ्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. नाकाला काम मिळालं की जनावराचं मनच आशावादी होतं.

तेव्हा उघडीप मिळाली की मिस्टरांनी खुशाल चार भिंतीला जावं, पण त्यातली वीस मिनिटं खंड्याच्या नावावर करावी. पट्टा जरा लांब, दीड-दोन मीटरचा घ्या. त्या वीस मिनिटांत तो थांबेल तिथं आपण थांबायचं, तो वळेल तिकडे वळायचं. अंतर कितीही कमी झालं तरी चालेल. फक्त डोंगराच्या बाजूला अंधारात नेऊ नका आणि मोकळा सोडू नका. अजिंक्यताऱ्याच्या झाडीत मोर असतात, त्यांच्यामागे धावला तर हाती लागणार नाही, आणि बिबट्याची भीती असतेच. पुढं उन्हाळ्यात डांबर तापतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात.

झड लागली की काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. साताऱ्याचा पाऊस चार-चार दिवस डोळा उघडू देत नाही. पण डोक्याचं काम घरात होतं, आणि डोक्यानं दमलेलं कुत्रं पायानं दमलेल्यापेक्षा गाढ झोपतं, हा माझा अनुभव आहे.

सुरुवात त्याच्या जेवणापासून करा. स्टीलच्या भांड्यात वाढलेलं तो दोन मिनिटांत फस्त करत असेल. ज्याच्या पूर्वजांचा बराच वेळ अन्न मिळवण्यात जायचा, त्याचं दिवसभराचं काम आपण चार मिनिटांत संपवतो. ते भांडं काही दिवस फडताळात ठेवून द्या. सकाळचे डॉगफूडचे दाणे एक स्वच्छ गोणपाट पसरून त्यावर विखरा, गोणपाट सैलसर गुंडाळा आणि त्याच्यापुढे ठेवा. तो नाकानं ढकलेल, पंजानं ओढेल, हळूहळू उलगडेल. पहिल्या दिवशी एकच वेढा द्या, जमलं की चौथ्या-पाचव्या दिवशी गाठ मारा. संध्याकाळी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, खळग्यांत दाणे टाका, वर दुसरा ट्रे पालथा घाला. कधी खोक्यात जुन्या कागदांचे बोळे भरून त्यात दाणे मिसळा. भाकरी-दूध देत असाल तर भाकरीचे तुकडे कोरडे लपवा, दूध नंतर. दुपारी तो भुंकतो त्या वेळेला ताटलीत दह्याचा पातळ थर पसरून फ्रीजरमध्ये गोठवलेला पुढ्यात द्या. चाटण्यानं कुत्री शांत होतात. पंधरा मिनिटं तर सहज जातात.

हे करताना कुणीतरी जवळ बसायचं. पुठ्ठा फाडला तर फाडू दे, गिळायला लागला तर काढून घ्या. गोणपाटाचे दोरे सुटायला लागले की ते बदला. प्लास्टिकच्या बाटलीत भोकं पाडून त्यात दाणे भरायची युक्ती बरेच जण सांगतात. लॅब्रेडॉरचा जबडा बघता मी ती तुम्हाला सांगणार नाही. आणि खाण्याबद्दल थोडं कडक बोलते. लपवायला म्हणून मनुका वापरू नका. आपल्याकडे तासगावचा मनुका घरात किलोनं असतो, पण द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. कांदा, लसूण, चॉकलेट नको. शिजवलेलं हाड नको, ते चिरफळतं आणि आतडं फाडतं. कंदी पेढा तुकडाभरसुद्धा नको, कितीही आशेनं बघत असला तरी. खाऊ जो काही द्याल तो रोजच्या जेवणातून वजा करा. लॅब्रेडॉरना भूक आवरत नाही याला कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असं आढळलं की जवळपास चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळलेला असतो. त्यामुळे 'अजून मागतोय' म्हणजे 'पोट भरलं नाही' असं नव्हे.

वाफ्याचं थोडक्यात. उकरणं थांबत नाही, जागा बदलता येते. पत्र्याखाली, जिथं पाऊस लागत नाही तिथं दोन-तीन घमेली वाळू टाका, त्याच्यादेखत त्यात गाजराचे तुकडे पुरा, आणि कर्दळीभोवती महिनाभर जाळी लावा.

आता शब्दांचं. हे नीट वाचा, कारण तुम्ही ज्याला हट्टीपणा म्हणताय तो मला घोटाळा वाटतो, आणि तो आपल्या भाषेतून आलाय. तुम्ही 'बस' म्हणता तेव्हा त्यानं खाली बसावं. पण तुमच्या घरात दिवसभरात 'बस' आणखी कशाकशाला म्हणतात ते एक दिवस मोजा. वाढताना 'बस, बस'. तो भुंकला की 'बस झालं आता'. आलेल्या पाहुण्याला 'बसा'. फलटणची बस किती वाजता आहे. कुत्र्याला अर्थ कळत नाही, आवाज कळतो, आणि हा आवाज त्याच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा पडतो आणि पन्नासातल्या पंचेचाळीस वेळा त्याच्याकडून कुणाला काही नको असतं. मग तो आवाज त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा होतो. 'ये'चं तर याहून वाईट. 'ये' म्हणजे जवळ ये. आणि चप्पल उचलली की आपण काय ओरडतो? 'ए!' त्याच्या कानाला या दोन्हींत काय फरक आहे सांगा? एका 'ये'ला माया मिळते, दुसऱ्या 'ए'ला पेपरचा फटका. उलटा पळतो तो शहाणपणानंच पळतो.

म्हणून जुने शब्द टाकून द्या. बसण्यासाठी 'खाली' ठेवा, जवळ बोलवायला 'इकडे', तोंडातली वस्तू द्यायला 'दे', नाकानं हुडकायला 'शोध'. मुलगा शनिवार-रविवारी येऊन इंग्रजीत हुकूम सोडत असेल तर त्यालाही हे चार शब्द फोनवर कळवा. सासूबाईंचा 'हाड' बंद करायला जड जाईल, पण घरातल्या कुत्र्याला तो शब्द नको.

शिकवायची रीत सोपी आहे, वेळ मात्र नेमकी साधावी लागते. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ठेवा. एक तुकडा त्याच्या नाकापाशी धरून हात हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप टेकतो. टेकला त्याच क्षणाला 'हां!' म्हणा आणि तुकडा द्या. हा 'हां' रोज त्याच सुरात, आखूड. 'शाब्बास रे माझ्या राजा' म्हणेपर्यंत तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. सात-आठ वेळा हातानं जमलं की मग आधी 'खाली' म्हणा, नंतर हात. 'इकडे' शिकवताना दोघं खोलीच्या दोन टोकांना बसा आणि आळीपाळीनं बोलवा, आला की तुकडा. एक नियम मोडू नका: 'इकडे' म्हणून बोलावल्यावर आंघोळ, साखळी किंवा रागावणं यातलं काहीही करायचं नाही. त्यासाठी त्याच्यापर्यंत आपण चालत जायचं. एका वेळी चार-पाच मिनिटं पुरेत, दिवसातून तीनदा. जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, मान फिरवली, की डोकं भरलं समजा आणि थांबा. तरणं कुत्रंही दिवसातले बारा-चौदा तास झोपतं. त्याला सतत गुंतवून ठेवायचं नाहीये.

'त्याला आपली चूक कळते' असं तुम्ही लिहिलंत. हे जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं, आणि मीही एके काळी असंच मानायचे. वर जिचं नाव घेतलं त्याच हॉरोविट्झनं २००९ साली याचाही प्रयोग केला होता. खाऊला तोंड लावायचं नाही असं सांगून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर काही मालकांना खोटंच सांगितलं गेलं की कुत्र्यानं खाल्लं, आणि ते रागावले. अपराधी चेहरा दिसला तो रागावण्यामुळे. खरंच खाल्लं होतं का, याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. ज्यांनी खाल्लंच नव्हतं त्यांचे चेहरे तर रागावल्यावर जास्तच अपराधी झाले. खंड्या कान पाडतो तो मिस्टरांचा आवाज आणि हातातली गुंडाळी बघून. दहा मिनिटांपूर्वीच्या कर्दळीशी तो ते जोडू शकत नाही. मारानं त्याला एवढंच कळलं की हा माणूस कधीकधी मारतो. मिस्टरांवर माझा राग नाही, आपल्या सगळ्यांना हेच शिकवलं गेलं. पण मार आजपासून बंद करा.

चप्पल उचलली तर धावू नका. जागेवरून हलू नका, त्याच्याकडे बघूही नका. गाजराचा तुकडा दाखवून 'दे' म्हणा आणि अदलाबदल करा. तो तुकडा घेईपर्यंत चप्पलेला हात लावायचा नाही. इथं एक धोक्याची सूचना. धावायचं बंद केलं की पहिले तीन-चार दिवस तो जास्त चपला आणेल, जास्त भुंकेल. जुनी युक्ती का चालेना म्हणून तो जोर लावून बघतो. नेमकं तिथंच बहुतेक घरं हात टेकतात. तुम्ही टेकू नका.

सासूबाईंची भीती रास्त आहे. या वयात पडणं म्हणजे महिनोन्‌महिने अंथरूण. म्हणून उडीवर ताबा येईपर्यंत त्या चालत असताना तो पट्ट्यात असावा. पण त्या खुर्चीत बसलेल्या असताना त्यांनाच त्याची मास्तरीण करा. वाटीत वीस दाणे द्या. त्यांनी 'शोध' म्हणायचं आणि एक दाणा लांब टाकायचा, तो खाऊन वळला की दुसरा दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी मधे पट्टा धरून तुम्ही बसा. दाणे खाली पडतात हे कळलं की त्याची नजर जमिनीकडे लागते, आणि जमिनीकडे बघणारं कुत्रं अंगावर उडी मारत नाही. पाहुण्यांसाठीही हेच. दार उघडायच्या आधी मूठभर दाणे फरशीवर. उडी मारलीच तर गुडघा मारू नका, ओरडू नका, पाठ फिरवा. चारही पाय टेकले की तेव्हा बोला.

आणि साखळी. गेटजवळ बांधलेल्या कुत्र्याला रस्त्यावरचं सगळं दिसतं आणि कशापर्यंतच पोचता येत नाही. भुंकला की माणूस पुढे निघून जातो, तो जाणारच होता, पण त्याला वाटतं आपल्या भुंकण्यानं गेला. असं दुपारभर. आधी त्याची दुपारची जागा बदला, मागच्या बाजूला किंवा घरात, जिथून रस्ता दिसत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीला जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरलाय. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हेही त्याच कलमात वेगळं लिहिलंय. तुम्हाला धाक घालायला सांगत नाही. पासष्ट वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे कळलं होतं ते आपल्या वाड्यांत, मळ्यांवर अजून पोचलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. माझ्या माहेरी मोत्या होता. बारा वर्षं जगला, त्यातली बहुतेक ओसरीच्या खांबाला. आम्ही सगळी भावंडं त्याच्यावर जीव टाकायचो, त्याला भाकरी भरवायचो, आणि त्याला एकही गोष्ट शिकवावी असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. हे सदर मी लिहिते त्यामागे मोत्याही आहे.

म्हणून कोरेगावच्या मळ्याला माझा विरोध आहे. लॅब्रेडॉर राखणीचं जनावर नाही, चोर आला तर त्याचाही हात चाटेल. तिथं साखळी असेलच, फक्त भुंकणं ऐकायला शेजारी नसतील. तुम्हाला दोघांना झेपत नसेल तर रोज अर्धा तास येणारा एखादा कॉलेजचा मुलगा शोधा, मुलाला पुण्याहून त्याचे पैसे द्यायला सांगा. कुत्रं त्यानं आणलंय, एवढा वाटा त्यानं उचलायलाच हवा. आणि हे सगळं महिनाभर करूनही घरात कुणी नसताना तो विव्हळतो, लाळ गाळतो, दार कुरतडतो असं दिसलं, तर ती रिकामपणाची खोड नव्हे, एकटं राहण्याची भीती आहे. तेव्हा पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

शेवटचं काम खास खंड्याच्या जातीचं आहे, आणि ते मी मिस्टरांवर सोपवते. त्याला रोज सकाळी गेटपासून पेपर आणायला शिकवा. सध्या पेपर म्हणजे फटका हे त्याच्या डोक्यात बसलंय, ते आधी पुसावं लागेल. दोन-तीन दिवस जुना पेपर अख्खा उलगडून फरशीवर पसरा आणि त्यावर दाणे टाका. मग अर्धी घडी करून, मग चौघडी, मग हलकीशी गुंडाळी, प्रत्येक वेळी दाणे त्यावरच. तो बिनधास्त नाक लावायला लागला की पुढची पायरी. जुन्या टॉवेलची गुंडाळी हातभर लांब टाका, उचलली की 'हां', जवळ आणली की 'दे' आणि चिकनचा तुकडा. टॉवेल जमला की त्याजागी पेपर. अंतर रोज चार पावलं वाढवा. उंबऱ्यापासून गेटपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतील. घाई करू नका. पावसाळ्यात पेपरवाला पिशवीत घालून, रबर लावून टाकतो. ती पिशवी आणि रबर आधी काढून मगच त्याला उचलू द्या, नाहीतर गिळेल. पेपर ओला होईल, दात उमटतील, आतलं पान फाटेलही, पण एवढं चालवून घ्या. आणि पेपर घ्यायला मिस्टरांनी पायरीवर खाली बसावं. उभं राहून त्याच्यावर वाकून हात पुढे केला तर त्याला जुनं आठवेल.